अकॉर्डिंगरावांचं मानपत्र

"तुमच्याशिवाय दुसरं कोण लिहिणार?" असं साहेब म्हणाले तेव्हा अकॉर्डिंगराव क्षणभर चक्क खूश झाले. माणसाला खूश व्हायला फार काही लागत नाही. 'तुमच्याशिवाय' एवढा एक शब्द पुरतो. केबिनमधून बाहेर येऊन, आपल्या टेबलाशी बसून, पेनाचं टोपण काढल्यावर मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबांनी लिहायला सांगितलंय ते महिनाअखेरीला निवृत्त होणाऱ्या माणसाचं निरोपाचं मानपत्र. आणि महिनाअखेरीला निवृत्त होणारा माणूस म्हणजे आपणच.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचं मानपत्र स्वतः लिहायचं यात अवघड काय? उलट आयती संधी! घ्या पेन आणि करा स्वतःला थोर. पण तुम्हाला ते ऑफिस माहीत नाही म्हणून तुम्ही असं म्हणता.

ते ऑफिस होतं वजनमापं तपासणाऱ्या खात्याचं. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे ते ठरवायचं काम. सगळा जन्म त्यात गेल्यामुळे तिथल्या माणसांना कौतुकसुद्धा तोलूनमापून करायची सवय. फार पूर्वी एका भांडारपालाच्या मानपत्रात कोणीतरी इंग्रजीत लिहून गेलं होतं की हे गृहस्थ सर्वांचे लाडके होते. झालं! तेव्हाच्या कॅशियरचं आणि त्या भांडारपालाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कॅशियरने थेट मुख्यालयाला विचारलं, 'सर्वांचे' म्हणजे कोणाकोणाचे ते कळवावे, कारण मी त्यात नाही. मुख्यालयाने चौकशी लावली. भांडारपाल घरी बसून कंटाळले तरी चौकशी संपेना. शेवटी परिपत्रक निघालं: यापुढे मानपत्रातलं स्तुतीचं प्रत्येक वाक्य कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते त्याच वाक्यात यावं, सांगणारा याच ऑफिसातला असावा, नातेवाईक चालणार नाहीत, आणि सांगणाऱ्याने समासात सही करावी. भाषा अर्थातच इंग्रजी.

दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. आपल्या गृहस्थांनी मात्र त्या परिपत्रकाचं सोनं केलं. 'अकॉर्डिंग टू द कॅशियर' असं सुरू करायचं, स्वल्पविराम द्यायचा, आणि मग कॅशियर जे म्हणाला ते आणि तेवढंच पुढे मांडायचं, ही कला त्यांनी अशी कमावली की त्यांचं खरं नाव पगारापुरतं उरलं आणि सगळं ऑफिस त्यांना अकॉर्डिंगराव म्हणू लागलं. त्यांचे नियम कडक. माहिती असेल तर 'अकॉर्डिंग टू'. मत असेल तर 'इन द ओपिनियन ऑफ'. दोन्ही एकत्र करून 'अकॉर्डिंग टू द ओपिनियन ऑफ' लिहिणारा म्हणजे चहात साखर घालून वर मध ओतणारा माणूस. जुनी आठवण असेल तर 'अॅज रिकॉल्ड बाय'. कागदाचा हवाला असेल तर 'अॅज पर' चालेल, पण जित्याजागत्या माणसाला 'अॅज पर' लावणं म्हणजे त्याला फायलीत टोचून ठेवणं. 'रिपोर्टेडली' हा अंग काढून घेणाऱ्यांचा शब्द. जे बोललं तर गेलं पण कबूल कोणी करणार नाही, ते सगळं त्यात जातं. आणि 'अकॉर्डिंग टू मी' असं कोणी लिहून आणलं, तर अकॉर्डिंगराव चष्मा काढून त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "स्वतःची साक्ष स्वतःच काढणार का?"

तेव्हा अडचण आली ना लक्षात? इतरांच्या मानपत्रासाठी ते हातात पॅड घेऊन विभागाविभागात फिरायचे आणि विचारायचे, "अमुक माणसाबद्दल काय सांगाल?" लोक भरभरून बोलायचे. आता विचारायचं होतं, "माझ्याबद्दल काय सांगाल?" हा प्रश्न त्यांनी लग्नाच्या वयातसुद्धा कोणाला विचारला नव्हता, म्हणून तर लग्न राहून गेलं.

पहिला खोडा घातला आस्थापना विभागाच्या कारकुनाने. हा गृहस्थ नियम सांगताना दोन्ही डोळे मिटत असे, जणू पाठांतर चालू आहे.

"ज्याचं मानपत्र त्याने स्वतः माहिती गोळा करायची नाही," तो डोळे मिटून म्हणाला. "निःपक्षपातीपणाला बाधा येते."

"मग कोणी करायची?"

"ज्याला मानपत्राचं इंग्रजी येतं त्याने."

"असा कोण आहे?"

कारकुनाने डोळे उघडले. "तुम्ही."

शेवटी असा तोडगा निघाला की निवृत्त होणारे म्हणून अकॉर्डिंगरावांनी मसुदा लिहिणाऱ्या अकॉर्डिंगरावांना विनंती-अर्ज करावा, मसुदा लिहिणाऱ्यांनी त्यावर 'हरकत नाही' असं लिहावं, आणि मग कारकून साहेबांची मंजुरी घेईल. अर्ज लिहिताना त्यांनी स्वतःला 'आपला विश्वासू' म्हटलं, आणि त्यांना जरा बरं वाटलं. निदान एका माणसाशी तरी आपला असा संबंध आहे.

मंजुरी आली आणि ते पॅड घेऊन निघाले. जावकबाईंच्या टेबलावरूनच जावं लागे, कारण त्यांचं टेबल आणि अकॉर्डिंगरावांचं टेबल एकमेकांना लागून. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावकबाईंच्या हातून जायचा, म्हणून त्या जावकबाई. या बाईंशी त्यांचं रोजचं भांडण. पंखा. बाईंना उकडायचं म्हणून हवा होता, यांचे कागद उडायचे म्हणून नको होता. बटण मध्ये भिंतीवर. त्या उठून लावायच्या, हे उठून बंद करायचे, आणि दिवसातून किती वेळा हे चालायचं ते देव जाणे. "वारा सोसवत नाही तर डोंगरात गुहा बघा एखादी," बाई म्हणायच्या. "कागद उडून खिडकीबाहेर गेले म्हणजे परस्पर जावक होतील, तुमचं काम वाचेल," हे म्हणायचे. अशा माणसाकडून काय कौतुकाचं वाक्य मिळणार! अकॉर्डिंगराव त्यांच्या टेबलावरून मान वळवून पुढे गेले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का जरा जोरातच मारला.

कॅशियरबाई चांगल्या होत्या. त्यांनी विचार करायला वेळ घेतला. इतका घेतला की अकॉर्डिंगरावांना वाटलं, थोर काहीतरी बाहेर पडणार.

"तुम्ही," त्या म्हणाल्या, "वेळेवर येता."

"आणि?"

"आणि वेळेवर जाता."

त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माहितीच होती, त्यामुळे 'अकॉर्डिंग टू'. कॅशियरबाईंनी सही केली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही कधी गाडीत बसलाच नाहीत. मी काय सांगू? मागच्या निरीक्षकांचं सांगितलं होतं की ते गाडीत झोपायचे नाहीत. तुमचं तेच लिहा."

"मी गाडीत बसलोच नाही."

"म्हणजे झोपला पण नाहीत. खोटं कुठे आहे?"

तराजू विभागातल्यांनी एकमेकांना कोपराने ढोसलं आणि एक जण म्हणाला, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे." अकॉर्डिंगरावांनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण, असं विचारल्यावर तो घाबरला. त्याच्या आधीच्या पिढीने त्याला त्या चौकशीची गोष्ट सांगितलेली असणार. त्याने सही करायला नकार दिला.

असं करत ते संध्याकाळपर्यंत फिरले. कोणी वाईट बोललं नाही हो, तेवढं मात्र कबूल केलं पाहिजे. पण चांगलं बोलायलाही कोणाकडे काही नव्हतं. गंमत अशी की त्यांना त्या सगळ्यांबद्दल माहिती होती. कॅशियरबाईंचा मुलगा गणितात दोनदा नापास होऊन आता गणिताचाच शिक्षक झालाय, ड्रायव्हरला कुत्र्यांची भीती वाटते, तराजू विभागातल्या त्या माणसाने लग्नाआधी मिशी ठेवली होती. मानपत्रं लिहिता लिहिता माणसं त्यांच्याकडे जमा होत गेली. उलट दिशेने काही गेलंच नाही. कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. हे त्यांना त्या दिवशी जिन्यात उभं असताना कळलं, आणि कळल्यावर ते जरा वेळ जिन्यातच उभे राहिले.

तिथेच त्यांना एक तरुण निरीक्षक भेटला. नुकताच बदलून आलेला, घाईत, दौऱ्यावर निघालेला. "तुमच्याबद्दल ना?" तो एकदम म्हणाला. "अहो, तुमचा आवाज! त्या दिवशी सहलीला तुम्ही काय गायलात! माझ्या अंगावर काटा आला. लिहा, लिहा." आणि त्याने पॅड ओढून कोऱ्या जागी सही ठोकली आणि तीन पायऱ्या एकदम उतरत निघून गेला.

अकॉर्डिंगराव सहलीला गेले नव्हते. गायले होते ते भांडार विभागातले एक टक्कलवाले गृहस्थ, आणि अकॉर्डिंगरावांनाही टक्कल होतं. पण एक सांगतो, त्यांनी ते लगेच खोडलं नाही. 'अकॉर्डिंग टू द इन्स्पेक्टर, ही सिंग्ज विथ ग्रेट फीलिंग.' वाक्य इतकं देखणं उतरलं होतं की रात्रभर ते पॅडमध्ये राहू द्यावं असं त्यांना वाटलं. सकाळी खोडू.

सकाळी साहेबांनी पॅड मागवून घेतलं होतं.

"अहो, तुम्ही गाता?" साहेब इतके आनंदले की खुर्चीतून अर्धे उठले. "एवढी वर्षं लपवून ठेवलंत? आता कार्यक्रमात गायचंच! दरवेळी काय तो चहा आणि बिस्किटं!"

"साहेब, त्यात एक चूक झाली आहे. ते विधान मागे घ्यायचं आहे."

साहेबांनी आस्थापनावाल्याकडे पाहिलं. आस्थापनावाल्याने डोळे मिटले. "सही झालेलं विधान फक्त सही करणाऱ्यालाच मागे घेता येतं."

"तो दौऱ्यावर आहे."

"मग तो आल्यावर."

तो येणार होता कार्यक्रमानंतर. दुपारपर्यंत सूचनाफलकावर कागद लागला: निरोप समारंभ, चहापान आणि सत्कारमूर्तींचं गायन. जावकबाईंनी तो वाचला आणि परत येताना पंखा लावायच्या ऐवजी यांच्या टेबलाशी थांबल्या. "तुम्ही गाता?" त्यांनी विचारलं. "नाही हो," अकॉर्डिंगराव म्हणाले. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "गात असता तर मला माहीत असतं." आणि पंखा लावून जागेवर बसल्या. यांनी उठून बंद केला.

घरी दोन खोल्या, एक खुर्ची आणि एक पाहुण्यांसाठीची खुर्ची. या दुसऱ्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्या असत. अकॉर्डिंगरावांनी खिडकी लावून घेतली आणि घसा साफ करून एक जुनी अंगाई म्हणून पाहिली, कारण त्यांना पूर्ण येणारं तेवढंच एक गाणं होतं. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. तिसऱ्या ओळीला दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांचे यजमान, आणि खाली दवाखाना असलेले दंतवैद्य. वहिनींच्या हातात गरम पाण्याची पिशवी.

"कुठे दुखतंय?" दंतवैद्यांनी विचारलं.

खुलासा व्हायला बराच वेळ लागला. खुलासा झाल्यावर सल्ले सुरू झाले. वहिनी म्हणाल्या मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. यजमान म्हणाले, गाणं पोटातून आलं पाहिजे, तुमचं कानशिलातून येतंय. दंतवैद्य म्हणाले की वरच्या डाव्या दाढेत पोकळी असली तर सूर तिथेच अडकतो, आणि त्यांनी टॉर्च लावून बघितलंसुद्धा. स्वतःच्या घरात तीन माणसांसमोर तोंड उघडं टाकून बसायचं म्हणजे काय दशा! मानी माणूस, दुसरी कुठलीही वेळ असती तर त्यांनी तिघांना नमस्कार करून दार लावलं असतं. पण त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरच्या घड्या पलंगावर टाकल्या, चहा टाकला, कप कमी पडले तेव्हा स्वतः वाटीतून प्यायले. सगळे हसत होते. यजमानांनी एक तान घेऊन दाखवली, ती यांच्यापेक्षा भयंकर होती. मग वहिनींना भाजी करपल्याचा वास आला आणि सगळे उठले.

आता सांगू नये, पण सांगतो. दुसऱ्या दिवशी अकॉर्डिंगरावांनी खिडकी उघडी ठेवून गायला सुरुवात केली. आदल्या दिवसापेक्षा मोठ्याने. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली, सगळं गाणं झालं, परत पहिल्यापासून म्हटलं. चहाचं पाणी आधीच ठेवलं होतं, ते आटून गेलं. कोणी आलं नाही. आता सगळ्यांना माहीत झालं होतं ना, की त्यांना काही होत नाहीये.

ताईचा फोन आला. त्यांची थोरली बहीण, दूरच्या गावी असते, ऐकायला जरा कमी येतं म्हणून ओरडून बोलते. त्यांनी तिला मानपत्राची सगळी कथा सांगितली.

"मग अडलंय कुठे?" ताई ओरडली.

अडलं होतं शेवटच्या वाक्याशी. त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक मानपत्राचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: अकॉर्डिंग टू अमुक अमुक, यांची उणीव ऑफिसला भासेल. त्या 'अमुक'च्या जागी एक माणूस लागायचा. दुसऱ्यांसाठी तो शोधायला कधी त्रास झाला नव्हता. पण स्वतःच्या तोंडाने कोणाला विचारायचं, की बाबा रे, माझी उणीव तुला भासेल का? समजा तो म्हणाला, विचार करून सांगतो? म्हणून बाकीची वाक्यं झाली तरी तिथे त्यांनी जागा कोरी सोडली होती.

"माझं नाव घाल!" ताई म्हणाली.

"नातेवाईक चालत नाहीत, ताई. परिपत्रक आहे."

"आणि मला रे कसली नवी उणीव भासणार? तू येतोस कुठे? असलेलीच आहे ती." मग ती पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "तिथे एवढी माणसं आहेत. त्यातलं एकही नाही?"

"आहेत की," अकॉर्डिंगराव म्हणाले. "विचारायचंय अजून." ते धडधडीत खोटं होतं, आणि कोणाचा हवालाही त्याला देता आला नसता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, सगळं ऑफिस फिरून झाल्यावर, त्यांनी पॅड घेऊन खुर्ची जावकबाईंच्या बाजूला वळवली. शेवटच्या वाक्याचं नाही, साधंच काहीतरी विचारू असं ठरवलं होतं.

"बाई, तुमचंही एखादं वाक्य घ्यावं म्हणतो. माझ्याबद्दल."

जावकबाई पाकिटं चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळ्यांना विचारून झालं?"

"हो, म्हणजे जवळजवळ..."

"ड्रायव्हरला विचारलंत?"

"विचारलं."

"तो नवीन आला, त्याची तुमची धड ओळख नाही, त्याला विचारलंत?"

"त्यानेच ते गाण्याचं..."

"आणि आता माझी आठवण झाली." बाईंनी पाकीट असं दाबलं की त्यातला डिंक बाहेर आला. "मला नाही काही सांगायचं. मी जावक. आलेला कागद पुढे धाडते. मला कोणी मत विचारत नाही, आणि मी देत नाही."

"बाई, रागावलात का?"

"मी कशाला रागवू? तुमचं कोण लागते मी?"

त्या उठल्या, पिशवी घेतली आणि सुटी व्हायच्या आधीच निघून गेल्या. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. रागाच्या भरात पंखा लावायचाही राहिला होता. अकॉर्डिंगराव त्या बंद पंख्याखाली शांत बसून राहिले. कागद जागच्या जागी होते. इतकी वर्षं हेच तर हवं होतं त्यांना, आणि आता घामाने जीव नकोसा झाला.

कार्यक्रम मोठ्या खोलीत झाला. टेबलांवर चादरी, बशांतून बिस्किटं, आणि मधोमध खुर्चीवर अकॉर्डिंगराव, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. साहेबांना वाचून दाखवायची हौस होती. समोर ठेवलेलं ते वाचत. त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचून झाल्यावर कळत असे.

साहेबांनी वाचलं. अकॉर्डिंग टू द कॅशियर, हे वेळेवर येत आणि वेळेवर जात. टाळ्या. अॅज रिकॉल्ड बाय द ड्रायव्हर, हे गाडीत कधी झोपले नाहीत. टाळ्या, आणि मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग निरीक्षकाचं वाक्य आलं आणि खोलीभर एकच गलका झाला. "गाणं! गाणं! होऊन जाऊ द्या!" साहेबांनी कागद खाली ठेवून स्वतः टाळ्यांचा ठेका धरला.

अकॉर्डिंगराव उठले. अंगाईची पहिली ओळ तोंडाशी आली होती, खरं सांगायचं तर. दोन मिनिटं चिरकून सुटका करून घेणं सोपं होतं. लोक हसले असते आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी ते आठवलं असतं. आठवण तर राहिली असती. पण त्यांना ते जमेना.

"साहेब," ते म्हणाले, "ते वाक्य माझं नाही. मी गात नाही. सहलीला मी नव्हतोच. माफ करा." आणि पुढे होऊन खिशातलं पेन काढून त्यांनी ती ओळ खोडली. आस्थापनावाल्याने तोंड उघडलं होतं, पण साहेबांनी हाताने त्याला गप्प केलं.

खोली एकदम थंड पडली. ज्यांनी गाण्याचा आग्रह धरला होता ते बिस्किटांकडे बघू लागले. साहेबांनी परिस्थिती सावरायला घाईघाईने कागद उचलला आणि पुढचं, शेवटचं वाक्य खणखणीत आवाजात सुरू केलं.

"अकॉर्डिंग टू..." ते थांबले. कागद जवळ धरला, मग लांब धरला. "अकॉर्डिंग टू... इथे जागा कोरी आहे हो."

"हो साहेब," अकॉर्डिंगराव म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "ते... नाव भरायचं राहिलंय. उणीव भासेल असं सांगणाऱ्याचं."

"मग भरा की. कोणाचं?"

साहेब आपलंच नाव घालतील असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. पण साहेब समोर बघत होते. समोरचे एकमेकांकडे बघत होते. दुष्ट कोणी नव्हतं हो. पण सहीचा मामला आला की त्या ऑफिसात पहिला पुढे व्हायची पद्धतच नव्हती. कोणीतरी सही केली म्हणजे मागून सगळे करायचे. तेवढा तो पहिला सापडेना. अकॉर्डिंगराव हातात पेन घेऊन उभे होते, आणि आयुष्यात इतका एकटेपणा त्यांना त्या दोन खोल्यांतसुद्धा वाटला नव्हता.

"माझं लिहा," मागून आवाज आला.

जावकबाई दाराशी उभ्या होत्या. चहाचा कप हातात, पदर कमरेला खोचलेला, चेहऱ्यावर भांडणाचाच भाव.

"वा! वा!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. "अकॉर्डिंग टू द डिस्पॅच क्लार्क, द ऑफिस विल फील हिज..."

"ऑफिसचं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ऑफिसचं मी कशाला सांगू? ऑफिसला काय, दुसरा येईल. मला करमणार नाही. तेवढं लिहा."

कोणी हसलं नाही. बाईंनी पदर आणखी घट्ट खोचला.

"करमणार नाही," साहेब पुटपुटले आणि सवयीने अकॉर्डिंगरावांकडे वळले. "याला इंग्रजीत काय म्हणायचं हो?"

अकॉर्डिंगरावांनी पेन कागदाला लावलं. 'मिस' हा शब्द त्यांना आठवला. तो हलका वाटला. 'बोअर' आठवला, तो तर भलतंच सांगत होता. 'लोनली' हा जवळ आला, पण तो कोणालाही, कोणावाचूनही होता येतो. बाई जे म्हणाल्या होत्या ते अमक्या एकावाचून होतं. डोळ्यांपुढचा कागद अंधुक दिसू लागला, आणि त्यांना कळलं की आपल्याला रडू येतंय.

"येत नाही, साहेब," ते म्हणाले. "मी त्या म्हणाल्या तसंच लिहितो."

"आपल्या भाषेत?" आस्थापनावाल्याने डोळे मिटले. "मुख्यालयात इंग्रजीखेरीज चालत नाही."

"मग मुख्यालयाला पाठवू नका," अकॉर्डिंगराव म्हणाले, आणि लिहू लागले.

लिहून झाल्यावर ते स्वतः कागद घेऊन दारापर्यंत गेले. बाईंनी कप खिडकीत ठेवला, समासात सही केली आणि पेन परत दिलं. मागे टाळ्या वाजत होत्या, आता सगळेच सही करायला पुढे सरकत होते.

"बाई," अकॉर्डिंगराव हळूच म्हणाले, "मलाही करमणार नाही हो."

जावकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भांडणाचा भाव कुठल्या कुठे गेला होता.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या. "मी शेजारीच तर होते."